नवकंकरीचा कैवार

जी वस्तु फुकट मिळते तिला मोल नसतें, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गांत हल्लीं फार दृढ झाला आहे. मुलांच्या खेळांची तर या समजापायीं दुर्दशाच झाली. खेळ म्हटला कीं तो रंगीत खोक्यांतून आला पाहिजे, त्या खोक्यावर त्यापासून बुद्धीस होणाऱ्या लाभांची यादी छापलेली पाहिजे, आणि शक्य तर तो शिकविण्यास महिनेवारी फी घेणारा एखादा वर्गही पाहिजे! हीं लक्षणें ज्याच्या अंगीं नाहींत तो खेळ नव्हे, ती नुसती वेळेची नासाडी, असें मानणाऱ्या आईबापांची संख्या लहान नाहीं. अशा काळीं फरशीवर खडूनें चार रेघा ओढून मूठभर चिंचोक्यांनीं खेळावयाच्या खेळांची तरफदारी करणें हें पुष्कळ वाचकांस पोरकटपणाचें वाटेल. वाटो बापडें! आम्ही ती तरफदारी करणार आहों, आणि जुन्या आठवणींनीं गहिंवरून न जातां, रोख कारणें देऊन करणार आहों.

आमच्या मनांत जे खेळ आहेत ते सारे एका कुळाचे आहेत. दोघांनीं आळीपाळीनें आपापल्या खुणा किंवा सोंगट्या मांडावयाच्या, आणि ठरलेल्या संख्येइतक्या सोंगट्या एका रेषेंत आणण्यासाठीं झटावयाचें, हें त्यांचें कुलव्रत. कुळांतील धाकटा म्हणजे फुल्लीगोळा: नऊ घरें, आठ रेषा, आणि पाटीच्या कोपऱ्यांत मावणारा डाव. वडील भाऊ नवकंकरी. एकांत एक असे तीन चौकोन काढून त्यांच्या बाजूंचे मध्यबिंदु रेघांनीं जोडले कीं चोवीस ठिकाणें तयार होतात. प्रत्येकाच्या नऊ कंकरी; त्या एकेक करून मांडावयाच्या, मग रेघेवरून शेजारच्या मोकळ्या ठिकाणीं सरकवावयाच्या; एका रेघेवर आपल्या तीन जुळल्या कीं समोरच्याची एक उचलावयाची; आणि ज्याच्या दोनच उरल्या किंवा ज्याला हलावयास जागा उरली नाहीं तो हरला. परदेशची भावंडेंही आतां आमच्याकडे आलीं आहेत. १९७४ सालीं अमेरिकेंत बाजारांत आलेला, सात उभ्या रकान्यांत चार चकत्या जुळवावयाचा कनेक्ट फोर हा त्यांतलाच; पांच सोंगट्यांची रेघ करावयाचा जपानी गोमोकू हाही त्यांतलाच. यांपैकीं कशालाही फासा लागत नाहीं, आणि समोरच्यापासून लपविलेलें तर कांहींच नसतें. सर्व मामला उघड्या पटावरचा.

या खेळांवरील आक्षेपांचा समाचार घेण्यापूर्वीं आमचें मुख्य म्हणणें एका वाक्यांत सांगून टाकतों. मूल व वडील माणूस यांची खरी बरोबरी थोड्या दिवसांत घडवून आणणारे खेळ हेच होत. 'खरी' या शब्दावर आमचा भर आहे. सापशिडींत पांच वर्षांचा नातू सत्तर वर्षांच्या आजोबांस हरवितो, पण तें कर्तृत्व फाशाचें. नातवाचें त्यांत कांहीं नाहीं, आणि हार आजोबांचीही नव्हे. ही बरोबरी भिक्षेची. बुद्धिबळांचा प्रकार याच्या नेमका उलट. २०२४ सालीं अठराव्या वर्षीं गुकेश जगज्जेता झाला, २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं महिलांचा विश्वचषक जिंकला. या गोष्टींचा आनंद आम्हांसही आहे. त्या खेळांत जें मिळतें तें स्वतःच्या बळानेंच मिळतें. परंतु जाणत्या आजोबांच्या बरोबरीस येण्यास नातवाला तेथें वर्षें लागतात, आणि तोंपर्यंतचा प्रत्येक डाव म्हणजे एक सभ्य कत्तलच असते. फुल्लीगोळ्याची गोष्ट निराळी. थोड्या दिवसांच्या सरावानें सात-आठ वर्षांचें मूल असें खेळूं लागतें कीं, जगांतील कोणाही पंडितास त्याला हरवितां येऊं नये. समोर विद्यापीठाचे कुलगुरु बसले तरी डाव बरोबरींतच सुटणार! आणि ही बरोबरी कोणी दया म्हणून दिलेली नाहीं, हें त्या मुलास पक्कें ठाऊक असतें.

कोणी विचारील, या बरोबरीचें एवढें माहात्म्य कां? आमच्या घरांकडे पाहा, म्हणजे उत्तर सांपडेल. आमच्यांतील वडिलांचा शब्द हा बहुधा शेवटचा शब्द असतो. त्याच्यापुढें मुलाला दोनच वाटा दिसतात: मान खालीं घालून ऐकणें, किंवा मोठेपणीं दार आपटून निघून जाणें. दोघांनाही सारखाच लागू असलेला नियम पुढें ठेवून, 'बाबा, तुमची ही सोंगटी चुकली. पाहा, आतां दोन्हींकडून माझी रेघ होते,' असें शांतपणें दाखवून देणें, आणि बाबांनीं तें तितक्याच शांतपणें मान्य करणें, ही तिसरी वाट त्याला शिकवावयाची कोणीं? शाळेंत उत्तर गुरुजींजवळ आधींच असतें. मूल तें फक्त हुडकीत असतें. पटावर मात्र उत्तर कोणाच्याच खिशांत नाहीं. वडिलांचा पगार, त्यांचा आवाज, त्यांचें वय यांपैकीं एकाही गोष्टीनें तेथें सोंगटी एक रेघही पुढें सरकत नाहीं. ज्या मुलानें वडिलांस नियमानें एकदां तरी अडविलें आहे, त्याला मतभेद म्हणजे अपमान नव्हे हें निराळें शिकवावें लागत नाहीं. आणि ज्या वडिलांनीं मुलाकडून हार पत्करून पुन्हां पट मांडला आहे, त्यांचा मान त्या घरांत कमी होत नाहीं, वाढतो.

येथेंच आमच्या प्रेमळ आईबापांचा एक गोड अपराध उघड केला पाहिजे. मूल हिरमुसेल म्हणून त्याला मुद्दाम जिंकूं देणें, हा तो अपराध. यांत मुलावरील प्रेमापेक्षां मुलाच्या रडण्याची भीतिच अधिक असते. याचा परिणाम काय होतो तें दाखविण्यास एक मौजेचा प्रयोग उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धांत ॲलन ट्युरिंग यांच्याबरोबर ब्लेच्ली पार्क येथें शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामीं असलेले डॉनल्ड मिची यांनीं १९६१ सालीं चक्क काड्यापेट्यांस फुल्लीगोळा शिकविला! ३०४ रिकाम्या पेट्या. प्रत्येकीवर डावाची एकेक स्थिति काढलेली. आंत रंगीबेरंगी मणी, आणि प्रत्येक रंग पटावरील एका घराचा. त्या स्थितीची पेटी हलवावी, जो मणी पुढें येईल त्याच्या घरांत खूण करावी. डाव हरला तर त्या डावांत निघालेले मणी काढून घ्यावयाचे. जिंकला तर त्याच रंगाचे आणखी मणी पेटींत टाकावयाचे. एवढ्याच उपायानें त्या निर्जीव पेट्या हळूहळू चांगल्या खेळूं लागल्या. आतां वाचकांनीं अशी कल्पना करावी कीं, या पेट्यांसमोर जाणूनबुजून चुकणारा एखादा दयाळू गृहस्थ बसला आहे. काय होईल? भलत्याच खेळीला बक्षीस मिळेल, पेट्यांत खोटे मणी सांचत जातील, आणि पहिला खरा प्रतिस्पर्धी भेटतांच सारी विद्या उघडी पडेल. मुलाच्या डोक्यांत आम्ही दयेपोटीं जे मणी टाकीत असतों ते याच जातीचे होत. त्याला हरूं द्यावें. हरल्यावर, कोठें हरलास, हें त्यालाच शोधूं द्यावें. मग तो जिंकेल तेव्हां तें जिंकणें त्याचें स्वतःचें असेल. रडीचा डाव खेळणारीं माणसें जगांत कांहीं कमी नाहींत. त्यांत आपल्या घरची भर कशाला?

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप शास्त्रज्ञानाचा आव आणून येतो. तो म्हणतो, 'हे खेळ संगणकानें केव्हांच सोडवून टाकले. आतां त्यांत राम कसला?' सोडविले आहेत ही गोष्ट खरी. केंब्रिज येथील प्रचंड गणकयंत्रावर फुल्लीगोळा खेळणारी आज्ञावली १९५२ सालींच तयार झाली होती. कनेक्ट फोरचा निकाल १९८८ सालच्या ऑक्टोबरांत जेम्स ॲलन व व्हिक्टर ॲलिस या दोघांनीं, एकमेकांच्या साहाय्यावांचून, लावला: पहिल्यानें मधल्या रकान्यांत चकती टाकून पुढें कोठेंही न चुकतां खेळल्यास तो जिंकतो, मधल्याच्या लगतच्या रकान्यांपासून आरंभ केल्यास बरोबरी होते, त्याहून बाहेरच्या रकान्यांत टाकल्यास उलट दुसराच जिंकूं शकतो. नवकंकरींतील अब्जावधि स्थितींचा हिशेब १९९३ सालीं राल्फ गॅसर यांनीं यंत्राकडून पुरा करून घेतला, आणि दोघेही निर्दोष खेळल्यास डाव बरोबरींत सुटतो असें ठरविलें. फार उत्तम झालें. परंतु यंत्राला वाट सांपडली म्हणून ती आमच्या पायांखालीं आली असें थोडेंच होतें? दुसऱ्याच्या वहींत गणित सुटलेलें आहे म्हणून आम्ही मुलांस गणितें घालावयाचें बंद केलें काय? कनेक्ट फोरची ती अचूक वाट चालावयाची तर कोट्यवधि फांटे डोक्यांत ठेवावे लागतील. तें काम कोणा मनुष्याचें नव्हे. त्याच्यापुढें प्रत्येक डाव नवाच असतो.

आणि फुल्लीगोळा? तो तर मुलाच्या हातूनही एके दिवशीं संपतो, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण तें संपणें हेंच त्याचें सर्वांत मोठें देणें. आजवर आपण हरत होतों तें नशिबामुळें नव्हे. समोरचाही कांहीं जादुगार नव्हे. दोघांनीं सांभाळून खेळलें तर कोणीच जिंकूं शकत नाहीं, हें ज्या दिवशीं मुलाच्या ध्यानांत येतें, त्या दिवशीं त्याच्या हातून आयुष्यांतील पहिलें प्रमेय सिद्ध झालें असें समजावें. तें कोणीं सांगितलेलें नसतें, पुस्तकांत वाचलेलें नसतें. याच्या पुढची पायरीही अवघड नाहीं. कोऱ्या घरांत खुणा करावयाच्या या जातीच्या खेळांत दुसऱ्या खेळणाऱ्याजवळ हमखास जिंकण्याची युक्ति असूंच शकत नाहीं, असा एक सुंदर सिद्धान्त आहे. समजा, अशी युक्ति आहे. मग पहिल्यानें आपली पहिली खूण कोठेंही करावी, आणि पुढें आपणच दुसरे आहों असें धरून तीच युक्ति चालवावी. युक्तीनें सांगितलेलें घर आधींच आपल्या खुणेनें भरलेलें असेल तर दुसरी कोठेंही खूण करावी. कारण आपली एक खूण अधिक असणें या खेळांत कधींच नडत नाहीं. म्हणजे पहिलाही हमखास जिंकणार! दोघेही जिंकणें तर अशक्य. तेव्हां मुळांतील समजूतच खोटी. बारा वर्षांच्या मुलीला ही कोटि समजते, आणि समजली म्हणजे तिच्या चेहऱ्यावर जें हसूं उमटतें तें कोणत्याही प्रगतिपुस्तकांत मावणारें नसतें.

दुसरा आक्षेप घेणारे शत्रु नव्हेत, मित्र आहेत. पण असले मित्र फार महाग पडतात. त्यांचें म्हणणें असें कीं, असे खेळ अवश्य खेळावेत, कारण त्यांनीं बुद्ध्यंक वाढतो, गणितांत गुण अधिक पडतात. आम्ही या लालचीचा साफ निषेध करतों. पहिली गोष्ट, हा दावा टिकत नाहीं. खुद्द बुद्धिबळांच्या बाबतींत इंग्लंडांतील शंभर प्राथमिक शाळांतून पद्धतशीर प्रयोग झाला. निम्म्या शाळांतून मुलांस बुद्धिबळें शिकविलीं, व शिकवणी संपल्यावर एक वर्षानें सर्वांचें गणित तपासलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत दोन्हीं गटांच्या गुणांत फरक आढळला नाहीं. बुद्धिबळांसारख्या खोल खेळाची ही कथा, तर चिंचोक्यांच्या खेळानें परीक्षेचे गुण वाढतील असें छातीठोकपणें कोणीं सांगावें? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गुणांसाठीं खेळलेला खेळ हा खेळ राहतच नाहीं. ती एक आणखी शिकवणी होते. शाळा, शिकवणी, संगीताचा वर्ग, पोहण्याचा वर्ग, आणि आतां नवकंकरीचाही वर्ग! मुलाच्या दिवसाचा एक तुकडा तरी असा नको काय, कीं ज्याचा कोणालाच हिशेब द्यावयाचा नाहीं? आम्ही हे खेळ मागतों ते त्यांतून दुसरें कांहीं मिळतें म्हणून नव्हे. समोर बसलेल्या माणसाच्या मनांत काय चाललें आहे याचा विचार करून मग आपला हात उचलणें, ही गोष्ट स्वतःच मिळविण्याजोगी आहे.

तिसरे मित्र आमच्या प्राचीन वैभवाचे भाट. नवकंकरीचे पट आमच्या लेण्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या फरसबंदीवर, किल्ल्यांच्या कातळावर कोरलेले आढळतात. तेवढ्यावरून हा खेळ आमचाच व हजारों वर्षांचा, असें हे लोक ठोकून देतात. पट आहेत, ते जपले पाहिजेत, यांत वाद नाहीं. परंतु लेणें ज्या शतकांत खोदलें त्याच शतकांत त्याच्या ओट्यावर पटही कोरला गेला, असा पुरावा त्या रेघा देत नाहींत. मागाहून विसाव्यास बसलेल्या कोणा गुराख्यानें किंवा पहारेकऱ्यानेंही तो कोरला असेल. इजिप्तांतील कुर्ना येथील देवळाच्या शिळांवरील अशाच रेघा पुष्कळ दिवस साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या म्हणून सांगितल्या गेल्या. पण त्यांच्याच शेजारीं ख्रिस्ती क्रूसही कोरलेले असल्यानें तें अनुमान डळमळलें. शिवाय या कुळाची वस्ती सर्वत्र आहे. कॅस्टाइलचा राजा दहावा आल्फोन्सो यानें १२८३ सालीं पुरा करविलेल्या खेळांच्या ग्रंथांत ती आहे. शेक्सपियरच्या नाटकांत तिचा उल्लेख आहे. दक्षिण आफ्रिकेंत बारा-बारा सोंगट्यांचा मोराबाराबा आजही चुरशीनें, सामने भरवून, खेळला जातो. आम्हांस यांत कमीपणा कांहींच दिसत नाहीं. जो खेळ गुराख्यास व राजास, आफ्रिकेस व महाराष्ट्रास सारखाच रुचला, त्याची थोरवी सिद्ध करावयास खोट्या वंशावळीची गरज ती काय? आणि ज्यांना पूर्वजांचा एवढा अभिमान आहे, त्यांनीं निदान आपल्या घरच्या फरशीवर तो पट एकदां तरी काढला आहे काय, एवढें आम्हांस सांगावें.

शेवटचा आक्षेप अगदीं ताजा. 'हे सारे खेळ मोबाइलमध्यें आहेतच. मुलें ते तेथें खेळतात.' खेळतात खरीं; परंतु कोणाशीं? त्या कांचेच्या पलीकडे जो बसला आहे त्याला चेहरा नाहीं. तो विचारांत पडत नाहीं, चुकल्यावर ओठ चावीत नाहीं, आणि हरल्यावर 'आणखी एक डाव' म्हणून हट्ट धरीत नाहीं. एवढेंच नव्हे, तर तो सोपा हवा कीं कठीण हें बहुधा आपणच बटण दाबून ठरवावयाचें असतें. म्हणजे जिंकूं देणाऱ्या त्या दयाळू गृहस्थाची सोय येथें यंत्रानेंच करून ठेविली आहे! डाव अंगावर येऊं लागला कीं तो अर्ध्यावर पुसून टाकतां येतो, तें वेगळेंच. समोर आजी बसली असतां पट उधळून पाहा, मग कळेल.

मोठ्या माणसांसही या खेळांची गरज मुलांहून कमी नाहीं. आमच्या घरांत एका दिवाणखान्यांत चार माणसें व चार पडदे असतात; बोलणें होतें तें जेवणाचें, अभ्यासाचें किंवा पैशाचें. दहा-पंधरा मिनिटांचा एक डाव या चौघांपैकीं दोघांस एकाच वस्तूकडे पाहावयास लावतो. ज्या मुलाशीं बोलावयास विषय उरला नाहीं अशी बापाची तक्रार असते, त्याच्याशीं न बोलतां अर्धा तास घालविण्याची ही रीत आहे. आणि त्या न बोलण्यांत पुष्कळ बोलणें होऊन जातें. ज्या गृहिणीच्या विश्रांतीचा विचार घरांत कोणी करीत नाहीं, तिलाही दोन कामांच्या मध्यें मांडतां येईल व मोडतां येईल असा हा खेळ आहे. अट एवढीच कीं, तिनें नुसतें चहा देऊन जाऊं नये, बसावें.

तेव्हां आमची मागणी फार माफक आहे. नवी संस्था नको, वर्ग नको, स्पर्धा नको, खोकें तर नकोच. येत्या रविवारीं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन चौकोन काढावेत. एका बाजूस चिंचोके, दुसऱ्या बाजूस शर्टाच्या तुटक्या गुंड्या घ्याव्यात. घरांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठें माणूस समोरासमोर बसवावें. आणि मोठ्या माणसानें मनापासून खेळावें. पहिले कांहीं डाव लहान हरेल. मग एके दिवशीं तो आपल्या दोन कंकरी अशा कांहीं ठेवील, कीं आजोबांचा हात पटावर अधांतरीं थांबेल. त्या क्षणाला मोल नाहीं असें ज्यांना वाटतें, त्यांच्याशीं वाद घालण्यांत आम्हांस अर्थ दिसत नाहीं. बाकीच्यांनीं पट मांडावा.